काठवाटेचे राखणदार

सार्वजनिक मालमत्ता म्हणजे कोणाचीच नसलेली मालमत्ता, असा एक समज आपल्या समाजात खोलवर रुजलेला आहे. मोकळी सरकारी जागा दिसली की ती बळकवावी, बळकवता आली नाही तर तेथे कचरा टाकावा, आणि तिची दुर्दशा झाली की सरकारच्या नावाने बोटे मोडून मोकळे व्हावे, हा जणू नागरिकत्वाचा परिपाठच होऊन बसला आहे. दुसरीकडे, लोकांनी एखादी गोष्ट आपली म्हणून जपायला घेतली की त्याच क्षणी सरकार आपल्या जबाबदारीतून अंग काढून घेऊ लागते, हाही अनुभव नवा नाही. बेफिकिरी आणि जबाबदारी झटकणे या दोन दोषांच्या मधून लोकसेवेची वाट काढायची कशी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचा विचार करण्यास उपयोगी पडेल असे एक लहानसे उदाहरण अमेरिकेच्या राजधानीत पाहावयास मिळते. खाजगी मालमत्तेची पूजा बांधणाऱ्या देशातले ते आहे, म्हणून तर ते अधिकच लक्षात घेण्याजोगे आहे.

वॉशिंग्टन शहराच्या जॉर्जटाउन भागातून चेसापीक अँड ओहायो नावाचा एक जुना कालवा सुरू होतो. पोटोमॅक नदीच्या कडेकडेने तो मेरीलँड राज्यातील कंबरलँड या गावापर्यंत, म्हणजे १८४.५ मैल अथवा सुमारे २९७ किलोमीटर जातो. त्यावरील बोटींची वाहतूक १९२४ मध्येच थांबली. परंतु बोटी ओढणारी खेचरे ज्या वाटेने चालत, ती कालव्यालगतची वाट मात्र आजही शाबूत आहे. या वाटेला तिकडे ‘टोपाथ’ म्हणतात. मराठीत तिला काठवाट म्हणावे. शहरी भागात या काठवाटेवर सकाळ-संध्याकाळ माणसांची वर्दळ असते. धावणारे तरुण, काठी टेकीत चालणारे वृद्ध, मुलांची गाडी ढकलणाऱ्या आया, कामावर निघालेले सायकलस्वार असे सारेच लोक एका अरुंद वाटेवर एकत्र येतात. या गर्दीतून, डोक्याला हेल्मेट घालून, सायकलीला प्रथमोपचाराची पिशवी बांधून काही स्त्री-पुरुष संथपणे फिरताना दिसतात. ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या सायकल गस्तीचे स्वयंसेवक होत. त्यांना या कामाचा पगार मिळत नाही.

हे स्वयंसेवक करतात काय? कोणाची सायकल पंक्चर झाली असेल तर पंप आणि ट्यूब काढून देतात. कोणी पडून गुडघा फोडून घेतला असेल तर जखम धुऊन पट्टी बांधतात. वाट चुकलेल्याला वाट दाखवतात, तहानलेल्याला पाणी कोठे मिळेल ते सांगतात. झाड आडवे पडले, बांध खचला, पावसाने वाट वाहून गेली, की ती जागा नेमकी टिपून ठाण्यावर कळवतात. सायकलवाल्याने ताशी १५ मैलांपेक्षा, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरपेक्षा, वेगाने जाऊ नये. पादचाऱ्याला आणि जनावराला आधी वाट द्यावी. मागून येताना घंटी वाजवावी, हे तेथील नियम ते लोकांना समजावून सांगतात. ते न पाळणाऱ्याला पकडण्याचा वा दंड करण्याचा अधिकार मात्र त्यांना नाही. कामाची ही यादी सामान्य आहे. तिच्यात शौर्य नाही, प्रसिद्धी नाही, कोणाच्या नावाची कोनशिला नाही. असल्या कामाचे मोल समाजाला सहसा उशिराच कळते.

वाट कोणी बांधली?

परंतु या वाटेचे मोल समजून घ्यावयाचे तर ती कोणाच्या घामातून निर्माण झाली हे आधी पाहिले पाहिजे. ४ जुलै १८२८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी स्वतः कुदळ-फावडे चालवून या कालव्याच्या खोदकामाचा आरंभ केला. राष्ट्राध्यक्षांचे फावडे समारंभापुरते होते. त्यानंतरची बावीस वर्षे फावडी चालवली ती आयर्लंड, जर्मनी, इंग्लंड, वेल्स या देशांतून पोट भरण्यासाठी आलेल्या मजुरांनी. स्थानिक मजूर पुरेनात तेव्हा १८२९ मध्ये कंपनीने करारबद्ध कामगार समुद्रापलीकडून आणले. प्रवासाच्या खर्चापायी त्यांचे श्रम आगाऊच गहाण पडलेले होते. त्यांतले अनेक जण पळून गेले, आणि कंपनीने त्यांच्यामागे कोर्टकचेऱ्यांचा ससेमिरा लावला. १८३२ मध्ये कॉलऱ्याची साथ मजुरांच्या छावण्यांतून पसरली. कित्येक मजूर मेले आणि परमुलुखातच त्यांचे दफन झाले.

१८३४ च्या जानेवारीत विल्यम्सपोर्टजवळ आयरिश मजुरांच्या दोन गटांत दंगल उसळली. वरवर पाहता ते भांडण कॉर्क आणि लाँगफर्ड या दोन प्रांतांतल्या लोकांचे होते. मुळात मात्र ते अपुऱ्या कामासाठी आणि थकलेल्या मजुरीसाठी एकमेकांच्या उरावर बसवल्या गेलेल्या भुकेल्या माणसांचे भांडण होते. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी तेथे केंद्रीय सैन्य धाडले. मजुरांच्या संघर्षात अमेरिकेच्या केंद्रीय फौजेचा वापर होण्याचा तो पहिला प्रसंग म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे. ज्या काठावर आज स्वयंसेवक पट्ट्या आणि पंप घेऊन हिंडतात, तेथे तेव्हा बंदुका घेतलेले शिपाई हिंडत होते. गस्त तीच नव्हे, काठ मात्र तोच.

कालवा १८५० मध्ये कंबरलँडला पोचला. पण त्याच्या आधी आठ वर्षे, १८४२ मध्येच, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे तेथे जाऊन पोचली होती. गंमत अशी की या रेल्वेच्या कामाचाही आरंभ त्याच ४ जुलै १८२८ या दिवशी झाला होता. भांडवलाच्या शर्यतीत कालवा जन्मतःच हरला. तरीही पुढची सत्तर-पाऊणशे वर्षे कोळशाच्या बोटी त्यावरून ये-जा करीत राहिल्या. वाटेत ७४ ठिकाणी पाण्याची पातळी बदलणारी दारे, ज्यांना लॉक म्हणतात, ती बांधलेली होती. बोटीवर बहुधा सारे कुटुंबच राबे. बाप सुकाणू धरी, आई रांधी आणि दारे पार करताना हात लावी, आणि लहान मुले अनवाणी पायांनी खेचरांबरोबर मैलोगणती चालत. ही काठवाट म्हणजे बालमजुरीचीही वाट होती, हे आज तिच्या रम्य सावलीतून चालताना कोणाच्या मनात येणे कठीण आहे.

त्या काळात कालव्यावर एक खास नोकर असे. त्याला ‘लेव्हल वॉकर’ म्हणत. दोन लॉकांमधील सपाट टप्पा म्हणजे लेव्हल. नेमून दिलेल्या टप्प्यांवरून रोज पायी फिरायचे, बांधाला कोठे ओल आली, कोठे पाझर फुटला ते पाहायचे, आणि वेळीच माती भरून तो बुजवायचा, हे त्याचे काम. मस्करॅट नावाचा घुशीसारखा पाणप्राणी बांधात बिळे पाडी, आणि एका बिळातून सुरू झालेली गळती पुढे सारा बांध घेऊन जाई. आपल्याकडील कालव्यांवरच्या पाटकऱ्याची किंवा चौकीदाराची आठवण करून देणारा हा माणूस. आजची गस्त ही त्याचीच वंशज आहे. फरक एवढाच, की त्याला त्या कामाचे वेतन मिळत असे.

रस्त्याचा घाट आणि न्यायमूर्तींची पदयात्रा

१८८९ च्या महापुराने कालवा मोडला, कंपनी बुडाली, आणि तिचा कारभार प्रतिस्पर्धी रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची थांबली. १९३८ मध्ये रूझवेल्ट यांच्या राजवटीत केंद्र सरकारने २० लाख डॉलरांना हा मोडका कालवा विकत घेतला. महामंदीने बेकार झालेल्या तरुणांसाठी त्या वेळी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना चालू होती. तिच्यातील कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन छावण्या कालव्यावर बसवण्यात आल्या. वर्णभेदाच्या त्या काळात या छावण्याही वेगळ्या ठेवलेल्या होत्या, हे नमूद केलेच पाहिजे. या तरुणांनी १९३८ ते १९४२ या काळात जॉर्जटाउनपासूनचा सुमारे २२ मैलांचा भाग पुन्हा उभा केला. या योजनेत महिन्याला ३० डॉलर वेतन असे आणि त्यांतील बहुतेक रक्कम घरी आईबापांकडे पाठवावी लागे. १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे तत्त्व निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हाताला काम मिळावे आणि त्या कामातून सर्वांच्या उपयोगाची वस्तू उभी राहावी, हेच ते तत्त्व होय.

असा हा कालवा लोकांच्या मालकीचा झाला खरा. पण मालकी कागदावर होणे वेगळे आणि ती टिकणे वेगळे. युद्धानंतर मोटारींचे राज्य आले. कालवा बुजवून त्याच्या मार्गावरून मोटारींचा निसर्गरम्य रस्ता काढावा, असा घाट घातला गेला. ३ जानेवारी १९५४ रोजी ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहून या रस्त्याचा पुरस्कार केला. त्याला उत्तर दिले सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी. त्यांनी वृत्तपत्राच्या संपादकांनाच आव्हान दिले, की माझ्याबरोबर ही सारी काठवाट पायी चालून या आणि मग काय लिहायचे ते लिहा. संपादकांनी ते स्वीकारले. २० मार्च १९५४ रोजी कंबरलँडहून पन्नासाहून अधिक माणसे निघाली. आठ दिवसांनी सारे अंतर पायी पुरे करून वॉशिंग्टनला पोचले ते अवघे नऊ जण, आणि त्यांत न्यायमूर्ती होते. वृत्तपत्राने आपले मत बरेचसे बदलले. अग्रलेख लिहिणाऱ्यांनी वाट तुडवून आपले मत तपासावे, हा धडा कोणत्याही देशातील संपादकांनी गिरवण्यासारखा आहे.

हे डग्लस भारताला अगदीच अपरिचित नव्हेत. १९५५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची टागोर विधी व्याख्याने त्यांनी दिली होती, आणि त्यांतून भारतीय व अमेरिकन राज्यघटनांची तुलना करणारा ग्रंथ सिद्ध झाला. १९७२ मध्ये एका गाजलेल्या खटल्यातील भिन्नमतपत्रिकेत, नद्या, दऱ्या, झाडे यांनाही स्वतःच्या नावाने न्यायालयात दाद मागता आली पाहिजे, असा विचार त्यांनी मांडला. परंतु एका पदयात्रेने कालवा वाचला असे म्हणणे हे भाबडेपणाचे होईल. १९५४ नंतर समिती नेमणे, सभा घेणे, पत्रे लिहिणे, काँग्रेसमध्ये विधेयके आणणे, ती पडली की पुन्हा आणणे, असे सतरा वर्षे चालले. १९६१ मध्ये राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि ८ जानेवारी १९७१ रोजी राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा कायदा झाला. त्या पहिल्या पदयात्रेतून जी नागरिकांची संघटना निर्माण झाली, तिचे सभासद आजही ‘लेव्हल वॉकर’ या जुन्याच नावाने काठवाटेचे टप्पे वाटून घेतात, फिरतात आणि पाहिलेले लिहून कळवतात. सायकल गस्तीला ही पार्श्वभूमी आहे. आधी लोकांनी वाटेसाठी भांडण केले, मग त्या वाटेची सेवा केली. हा क्रम महत्त्वाचा आहे.

अधिकार नसलेली गस्त

‘गस्त’ हा शब्द आपल्या कानाला धाकाचा वाटतो. गस्त म्हणजे दंडुका, शिट्टी आणि दरडावणी. शिवाय स्वतःला कशाचे ना कशाचे रक्षक म्हणवून घेणाऱ्या टोळ्यांचा गेल्या काही वर्षांतला अनुभव असा आहे, की ‘स्वयंसेवक’ आणि ‘रक्षक’ हे दोन शब्द एकत्र आले की सामान्य माणसाने, विशेषतः अल्पसंख्य आणि दुबळ्या माणसाने, दचकावे. रस्त्यात कोणालाही अडवायचे, झडती घ्यायची, जाब विचारायचा आणि कायदा हाती घेऊन वर देशभक्तीची पावती मिळवायची, हा धंदा राजरोस चाललेला आहे.

काठवाटेची सायकल गस्त याच्या नेमकी उलट आहे. उद्यानांत स्वयंसेवक घेण्यासंबंधीचा अमेरिकन कायदा १९७० मध्ये संमत झाला. त्याने स्वयंसेवकांना कायदा अंमलात आणण्याच्या कामापासून स्पष्टपणे दूर ठेवले आहे. ज्याच्या हाती शिक्षेची सत्ता नाही, त्याला लोकांशी बोलावेच लागते. भरधाव जाणाऱ्या तरुणाला थांबवायचे तर त्याला विनंती करावी लागते. ती विनंती तो धुडकावून निघून गेला तर ते सोसावे लागते. दंडाच्या पावतीने जे साधते ते क्षणभर टिकते. चार वेळा समजावून सांगितलेली गोष्ट मात्र कधीतरी माणसाच्या सवयीत उतरते. सत्तेशिवाय शिस्त निर्माण करणे हे लोकशाहीचे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते एका अरुंद वाटेवर, सायकलवरून, रोज थोडे थोडे होत असते.

वाहन म्हणून सायकलची निवडही अर्थपूर्ण आहे. मोटारीत बसलेला पहारेकरी लोकांपासून काचेने तोडला जातो. पायी चालणारा फार दूर जाऊ शकत नाही. सायकलवाला पुरेसा दूर जातो आणि तरीही चालणाऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवण्याइतका जवळ राहतो. तो स्वतः नियमाने चालला तरच दुसऱ्याला नियम सांगू शकतो. जपणारा आणि वापरणारा यांच्यात येथे अंतर उरत नाही.

सेवा की वेठ?

येथपर्यंत सारे गोड आहे. परंतु समाजवादी विचार मानणाऱ्याने या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिला प्रश्न असा, की स्वयंसेवा करण्याची सवड कोणाला असते? जॉर्जटाउन हा भाग एके काळी पिठाच्या गिरण्यांचा, गोद्यांचा आणि कष्टकऱ्यांचा होता. कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती तेथे होती. आज तो राजधानीतील अतिशय श्रीमंत भागांपैकी एक आहे आणि ती जुनी वस्ती केव्हाच उठून गेली आहे. दोन नोकऱ्या करून घरभाडे भागवणाऱ्या माणसाला शनिवारची सकाळ काठवाटेवर घालवणे परवडत नाही. फुरसत हीदेखील एक संपत्ती आहे, आणि इतर संपत्तीप्रमाणेच तिचीही वाटणी विषम आहे. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार चळवळीने जे रक्त सांडले ते केवळ विश्रांतीसाठी नव्हते. माणसाला नागरिक म्हणून जगण्यासाठी वेळ मिळावा हाही त्याचा अर्थ होता. ज्या समाजात कामगाराच्या हाती स्वतःचा वेळ नाही, त्या समाजात लोकसेवा हा सुखवस्तूंचा छंद होऊन बसतो. हा दोष स्वयंसेवकांचा नाही, समाजरचनेचा आहे. पण दोष आहेच.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. फुकट राबणारी माणसे मिळतात म्हटल्यावर पगारी माणसे ठेवायची कशाला, असा हिशेब कोणत्याही काटकसरी कारभाऱ्याच्या मनात येणारच. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन कायद्यात म्हणूनच आणखी एक तरतूद आहे. स्वयंसेवकांचा उपयोग कोणत्याही कर्मचाऱ्याला त्याच्या कामावरून हटवण्यासाठी करता येणार नाही, असे तो बजावतो. तरतूद उत्तम आहे. परंतु आधी कर्मचारी कमी करायचे आणि मग रिकाम्या जागी स्वयंसेवकांच्या उत्साहाला आवाहन करायचे, या आडवाटेने ती सहज निकालात निघू शकते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने राष्ट्रीय उद्यान सेवेतील सुमारे एक हजार नव्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कमी केले. त्यावरून न्यायालयात वाद झाले, निदर्शने झाली. पण कारभाराची दिशा काय आहे हे दिसायचे ते दिसलेच.

त्या देशात सरकारी खर्चाची तरतूद वेळेवर मंजूर न झाल्याने कामकाज बंद पडते, तेव्हा या प्रश्नाचा उलगडा आपोआपच होतो. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात ३५ दिवस आणि २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत असे बंद पडण्याचे प्रसंग आले. पहिल्या वेळी अनेक उद्याने कर्मचाऱ्यांविना उघडीच ठेवली गेली. कचऱ्याचे ढीग साचले, शौचालये तुंबली, झाडांची नासधूस झाली. काही नागरिकांनी स्वतःहून जाऊन कचरा उचलला, हे त्यांना भूषणावह होते. पण असल्या काळात सरकारला अधिकृतपणे विनामूल्य सेवा स्वीकारताही येत नाही, कारण माणसांच्या जिवावर वा मालमत्तेवर बेतलेले प्रसंग वगळता तसे करण्यास १८८४ पासूनच्या कायद्याने मनाई आहे. म्हणजे पगारी माणूस घरी बसला की स्वयंसेवकालाही घरी बसावे लागते. यात मोठे शहाणपण आहे. स्वयंसेवकाने कळवलेली बातमी ऐकायला ठाण्यावर कोणी असेल, आडवे पडलेले झाड कापायला कोणी येणार असेल, खचलेला बांध बांधणारा इंजिनियर आणि मजूर असेल, तरच त्या गस्तीला अर्थ आहे. स्वयंसेवक हा लोकसेवेचा डोळा होऊ शकतो, हात आणि पाठीचा कणा होऊ शकत नाही.

ब्रिटनचे उदाहरण याहून बोलके आहे. मजूर पक्षाच्या सरकारने रेल्वेबरोबर देशातील बहुतेक कालव्यांचेही राष्ट्रीयीकरण केले, आणि १९४८ पासून ते जनतेचे झाले. जुलै २०१२ मध्ये इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग सरकारी मंडळाकडून काढून एका धर्मादाय न्यासाकडे सोपवण्यात आले. समाजाने स्वतःच्या बळावर उभे राहावे, अशी गोंडस भाषा त्या वेळी वापरली गेली. लोकांनी प्रतिसादही दिला. लंडनपासून मँचेस्टरपर्यंत हजारो स्वयंसेवक लॉकची दारे उघडतात, काठवाटा साफ करतात, गस्त घालतात. आणि २०२३ मध्ये सरकारने जाहीर केले काय, तर २०२७ नंतर न्यासाचे अनुदान वर्षागणिक घटत जाईल! लोकांनी एक पाऊल पुढे टाकावे आणि सरकारने दोन पावले मागे जावे, याला सहकार्य म्हणत नाहीत. स्वेच्छेने केलेले काम ही सेवा. राज्यसंस्थेने अंग काढून घेतल्यामुळे गळ्यात पडलेले काम ही वेठ. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून त्यांच्यातला फरक सतत सांगत राहावे लागते.

मुठेच्या काठी

हा सारा परदेशचा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. खडकवासल्यापासून निघून पुणे शहराच्या मधून वाहणारा मुठा उजवा कालवा हे त्याचे उत्तर आहे. २७ सप्टेंबर २०१८ रोजी भर दिवसा पर्वतीजवळ जनता वसाहतीपाशी या कालव्याची भिंत फुटली. पाण्याचा लोंढा दांडेकर पुलाच्या वस्तीत घुसला, आणि मोलमजुरी करणाऱ्या शेकडो कुटुंबांचे संसार घटकाभरात चिखलात गेले. तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी भिंत पोखरल्याचे कारण सांगितले. त्यावर राज्यभर हसू झाले. खरे म्हणजे कारण हास्यास्पद नव्हतेच. मातीच्या बांधाला घुशी पोखरतात, हे पोटोमॅकच्या काठी पावणेदोनशे वर्षांपूर्वीही माहीत होते. म्हणूनच तर तेथे रोज फिरणारा पगारी माणूस ठेवलेला होता! घुशींनी बीळ पाडले हे उत्तर नव्हे. ते बीळ पाहण्यासाठी काठाने रोज कोण फिरत होते, हा प्रश्न आहे. ज्या वस्तीच्या डोक्यावरून हे पाणी वाहते, तिच्यातल्या कोणी पाझर पाहून कळवलेच असते, तर ते ऐकून घेणारी खिडकी कोठे होती, हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न.

महाराष्ट्रात कालव्यांची लांबी वाढत गेली आणि त्यांवरचे पाटकरी, चौकीदार, मजूर मात्र कमी होत गेले. माणूस निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही, हा खर्च वाचवण्याचा सोपा उपाय सर्वच खात्यांनी शोधून काढला आहे. वाचलेला पगार अंदाजपत्रकात दिसतो. बुडालेली भांडी, भिजलेली वह्यापुस्तके आणि बुडालेले रोज कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत.

आता या कालव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडू पाहत आहे. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगदा काढून त्यातून पाणी न्यावे, अशी योजना पुढे आली आहे. पाण्याची गळती आणि चोरी थांबवण्याच्या दृष्टीने तिचे समर्थन केले जाते, आणि ते पूर्णतः चुकीचे आहे असे नाही. परंतु पाणी जमिनीखालून गेले म्हणजे शहराच्या मधोमध असलेली कालव्याची लांबच लांब पट्टी मोकळी होईल. ती कोणाची? तेथे मोटारींचा रस्ता करावा म्हणणारे पुढे येतील, बांधकाम व्यावसायिकांच्या नजरा तर जमिनीवर नेहमीच असतात. काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या झोपडपट्टीवासीयांना मात्र अतिक्रमणवाले ठरवून हुसकावण्यात सर्वांचे एकमत होईल. १९५४ मध्ये वॉशिंग्टनला जो प्रश्न पडला होता तोच पुण्यापुढे उभा राहणार आहे. चालणाऱ्यांसाठी, सायकलीवरून कामाला जाणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी, मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी एक सावलीची सलग वाट राखायची, की तीही मोटारींच्या घशात घालायची? एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याला या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागेल. काठावरच्या वस्त्यांना वगळून ते देता येणार नाही, हेही तितकेच खरे. ज्यांनी कालव्याचा धोका सोसला त्यांना त्याच्या सुखातून हाकलणे हा न्याय नव्हे. पोटोमॅकच्या काठी वाट वाचली, पण जॉर्जटाउनमधली गरिबांची वस्ती वाचली नाही. तेवढा भाग अनुकरणीय नाही.

यासाठी करावयाचे काय, हे स्पष्ट आहे. कालव्यांच्या देखभालीची रिक्त पदे भरली पाहिजेत आणि रोजच्या पाहणीची नोंदवही लोकांना पाहता आली पाहिजे. कालव्याच्या जमिनीविषयीचा कोणताही निर्णय काठावरच्या वस्त्यांच्या सभेपुढे ठेवल्याशिवाय होता कामा नये. आणि हे मागत असतानाच नागरिकांनी, विशेषतः तरुणांनी, काठाने फिरण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली पाहिजे. महिन्यातून एक सकाळ सायकल काढून आपल्या वाट्याचा टप्पा पाहावा, पाझर दिसला तर लिहून कळवावे, कळवलेल्याचे काय झाले ते पुन्हा विचारावे. हे काम विद्यार्थ्याला जमेल, शिक्षकाला जमेल, वस्तीतल्या बाईला तर सर्वांत उत्तम जमेल, कारण पाण्याचा आवाज बदलला की पहिल्यांदा तिलाच कळतो. खात्याने अशा पाहणीला शत्रुत्व समजू नये. पाहणाऱ्यांनीही खात्याची जागा घेण्याचा मोह धरू नये.

लोकांच्या मालकीची वस्तू कायद्याने निर्माण होते, पण ती केवळ कायद्याने टिकत नाही. पगारी माणसाचे रोजचे कष्ट आणि नागरिकाची जागती नजर, अशी दोन्ही राखण तिला लागते. सरकारने पहिली काढून घेतली तर दुसरी फार काळ तग धरीत नाही. नागरिकांनी दुसरी सोडली तर पहिली गंजते. सायकलीवरून फिरणारा तो बिनपगारी राखणदार समाजाला स्वस्तात मिळालेला चौकीदार नव्हे. तो त्या वाटेचा एक मालक आहे, आणि मालकाने आपल्या वस्तूवरून रोज हात फिरवावा यात उपकार कसला? उरलेल्या मालकांनी आपापला टप्पा केव्हा पाहायला घ्यायचा, एवढेच ठरायचे आहे.